कोअर बॉक्समधली रिकामी जागा : पारसिकच्या पायथ्याशी एका खोदाईचा अभ्यास

पारसिकच्या डोंगररांगेच्या पश्चिम पायथ्याला, घणसोली आणि महापे यांच्या मधल्या पट्ट्यात, एका इमारतीच्या तळघरासाठी खोदकाम चाललं होतं. खड्डा पूर्व-पश्चिम सुमारे ४० मीटर आणि उत्तर-दक्षिण ३० मीटर. पूर्वेची भिंत डोंगराला लागून असल्यामुळे सर्वांत उंच, १२ मीटरची. मार्चअखेर तिथे ७ मीटर खोदून झालं होतं आणि उरलेले ५ मीटर पावसाआधी उरकायचे होते.

साइटवरचा एक तरुण अभियंता नोकरी सांभाळून एम.टेक. करत होता. रॉक मेकॅनिक्सच्या अभ्यासासाठी त्याला एखादं खरं प्रकरण हवं होतं. मी त्याची मार्गदर्शक. त्याने हीच भिंत निवडली, कारण ती रोज समोर होती आणि तिचा अहवाल आधीच तयार होता. सुरुवातीला त्याला वाटत होतं की अहवालातले आकडे तक्त्यात भरायचे, वर्गवारी काढायची, झाला प्रकल्प.

अहवाल दिसायला चांगलाच होता. तीन उभी बोअर, म्हणजे ड्रिलने जमिनीत पाडलेली भोकं, प्रत्येकी १५ मीटर. वरचा मीटर-दीड मीटर मुरूम, खाली काळा घट्ट बेसॉल्ट. कोअरच्या, म्हणजे बोअरमधून काढलेल्या दगडी दांड्यांच्या, नमुन्यांची दाबशक्ती सरासरी ९२ मेगापास्कल, आरक्यूडी (कोअरमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांचं प्रमाण) ८२ टक्के. खडकाला गुण देणाऱ्या बिएनियावस्की यांच्या आरएमआर पद्धतीने गुण मांडले तर दाबशक्तीचे ७, आरक्यूडीचे १७, सांध्यांमधल्या (खडकातल्या नैसर्गिक फटींमधल्या) अंतराचे १०, सांध्यांच्या स्थितीचे २५ आणि ओलसर भिंतीचे १०, म्हणजे एकूण ६९. वर्ग दुसरा, ‘चांगला खडक’. त्यावरून भिंत ८० अंशांत, जवळजवळ उभी कापायचं ठरलं होतं. साइट इन्चार्ज साहेबांचं म्हणणंही सरळ होतं : ‘‘ब्रेकरची पाती झिजतायत इथं, दिवसाला हातभर खड्डा होत नाही. असा दगड कशाला पडतोय?’’

हा युक्तिवाद नवी मुंबईतल्या बहुतेक साइटवर ऐकू येतो आणि तो मोडून काढायला वेळ लागतो, कारण त्यातलं निरीक्षण खरं असतं. दगड खरोखरच कठीण असतो. ९२ मेगापास्कल म्हणजे नेहमीच्या एम-३० काँक्रीटच्या तिप्पट. बारा मीटर उंचीच्या खडकाच्या तळाशी त्याच्या स्वतःच्या वजनाचा दाब जेमतेम ०.३ मेगापास्कल भरतो. दगड चिरडण्याचा प्रश्नच या भिंतीत कुठे नव्हता. मग ९२ हा आकडा नक्की कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढं मी त्याला विचारलं आणि कोअर बॉक्स बघायला पाठवलं.

कोअरचे फोटो अहवालात असतात, पण बॉक्स हाताळण्याची सर फोटोला नाही. लाकडी खोक्यांत दीड-दीड मीटरच्या ओळी लावलेल्या होत्या. पहिल्या बोअरमध्ये ८.५ ते १० मीटरच्या ओळीत कोअरची भरती फक्त ६८ टक्के होती. म्हणजे दीड मीटरात जवळजवळ अर्धा मीटर दगड हातीच लागला नव्हता. लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदवहीत, त्यापुढे दोन शब्द होते, ‘कोअर लॉस’. दुसऱ्या बोअरमध्ये तशीच जागा ८.७ मीटरवर, तिसऱ्यात ११.५ मीटरवर. खोली वेगवेगळी, म्हणून अहवाल लिहिणाऱ्याने तिन्ही ठिकाणं ड्रिलिंगमधली किरकोळ अडचण म्हणून सोडून दिली होती.

त्या मुलाने मग एक काम केलं, जे दुसऱ्या वर्षाच्या भूशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सगळे करतात आणि नोकरीला लागल्यावर विसरतात. त्याने खोली बाजूला ठेवली आणि प्रत्येक ठिकाणाची पातळी, म्हणजे एकाच ठरलेल्या शून्यापासूनची उंची, काढली. पहिल्या बोअरचं तोंड ३१.० मीटरवर, त्यातून रिकाम्या जागेची खोली ९.२ वजा केली की २१.८. दुसऱ्याचं तोंड ३०.४, वजा ८.७, म्हणजे २१.७. तिसरं बोअर पश्चिमेच्या टोकाला, तोंड २५.५, वजा ११.५, म्हणजे १४.०. पूर्वेकडची दोन बोअर एकमेकांपासून ३० मीटरवर आणि पातळी जवळजवळ एकच, म्हणजे थराची दिशा (ज्या रेषेवर त्याची पातळी बदलत नाही ती) उत्तर-दक्षिण. पूर्वेकडून पश्चिमेकडे ४० मीटरात ७.८ मीटर उतार, म्हणजे ११ अंशांची नती (उताराचा कोन) पश्चिमेला. तीन विस्कळीत नोंदी एका सपाट पृष्ठभागावर येऊन बसल्या. संध्याकाळी त्याचा फोन आला : ‘‘मॅडम, तिन्ही कोअर लॉस एकाच थराचे आहेत. आणि तो थर आपल्या खड्ड्याकडे उतरतोय.’’

ज्या बोअरवाल्या काकांनी ड्रिलिंग केलं होतं, त्यांना त्याने गाठलं. त्या खोलीला परत येणारं पाणी कसं होतं, एवढंच विचारलं. ‘‘लाल आलं होतं की. गेरूसारखं. मग परत काळं झालं,’’ असं ते सहज म्हणाले. लॉगमध्ये पाण्याच्या रंगाचा रकाना होता, पण तो कोरा होता.

दख्खनच्या लाव्हाबद्दल इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा एकाच दमात वाहिला नाही. एक थर आला, थंड झाला, त्याच्या डोक्यावर काही काळ हवा-पाण्याचं काम चाललं, माती झाली, कुठे ज्वालामुखीची राख साचली आणि मग वरून पुढचा थर आला. मधली ती माती भाजून लाल झाली. तिला भूशास्त्रात रेड बोल म्हणतात, खाणवाले गेरूचा पट्टा म्हणतात. जाडी कधी बोटभर, कधी मीटरभर. तिच्यात चिकणमातीची खनिजं असतात आणि पाणी लागलं की ती मऊ पडतात. साध्या कोअर बॅरलमध्ये, म्हणजे कोअर पकडणाऱ्या नळीत, वरखाली कठीण दगड आणि मध्ये ही माती आली, की ड्रिलच्या पाण्याबरोबर ती धुऊन निघते. बॉक्समध्ये शाबूत पोहोचतो तो फक्त चांगला दगड. दगड जितका वाईट तितकी त्याची नोंद अपुरी, अशी ही उलटी गाळणी आहे, आणि आरक्यूडीच्या सरासरीत तिची खूण उरत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. माथेरानच्या कड्यांवर लाव्ह्याचे थर आडवे दिसतात, सह्याद्रीच्या घाटांतही तेच चित्र. त्यामुळे बेसॉल्टचे थर आडवेच असतात, ही समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसलेली असते. पण पनवेलच्या आसपास उत्तर-दक्षिण जाणाऱ्या एका मोठ्या वळीपाशी, जिला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, हे थर पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने वाकले आहेत. ठाणे, नवी मुंबई, मुंबई हा सगळा भाग त्या वाकलेल्या बाजूला येतो. पारसिकच्या पश्चिम पायथ्याला कोणीही पश्चिमेकडे तोंड करणारी भिंत कापली, की थर त्या भिंतीतून बाहेर उतरतात. त्याच डोंगराच्या पूर्वेला, शिळफाट्याच्या बाजूने, पूर्वेकडे तोंड करणारी तशीच भिंत कापली तर थर डोंगराच्या आत उतरतात. दगड तोच, ९२ मेगापास्कलही तेच.

याच कारणाने एका खड्ड्याच्या चार भिंती म्हणजे चार वेगळी प्रकरणं असतात. आमच्या खड्ड्यात पश्चिमेच्या भिंतीला या गेरूपासून काही धोका नव्हता, कारण तिथे तो खड्ड्याच्या तळाच्याही खाली गेला होता आणि उतार भिंतीच्या आत होता. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना तो तिरपा छेदत होता. पूर्वेची भिंत मात्र त्याच्यावर बसलेली होती, आणि खड्ड्याचा तळ १९ मीटर पातळीला जायचा असल्यामुळे २१.८ वरचा गेरू अजून उघडा पडायचा होता. सात मीटर खोदाई म्हणजे पातळी २४. आणखी सव्वादोन मीटर खाली गेलं की भिंतीचा पाय सुटणार होता.

थर नुसता उतरून भागत नाही. तुकडा सुटायला त्याची पाठही मोकळी व्हावी लागते. बेसॉल्ट थंड होताना आकसतो आणि त्यात थराला काटकोनात सांधे पडतात, खांबांसारखे. थर ११ अंशांनी कलला, म्हणून हे सांधेही उभ्यापासून तितकेच कललेले, सुमारे ७९ अंश, डोंगराच्या आत. उभ्या बोअरला असे सांधे क्वचितच भेटतात, कारण बोअर आणि सांधा जवळजवळ समांतर जातात. आरक्यूडी ८२ येण्यामागे तेही होतं. भूशास्त्रज्ञ रूथ टेर्झागी यांनी १९६५ मध्ये हा दिशेचा दोष दाखवून दिला आणि त्यासाठी दुरुस्तीचं सूत्रही दिलं, तरी तिरपं बोअर घ्यायला साइटवर कोणी राजी नसतं. आम्ही कापलेल्या भिंतीवर टेप लावून सांध्यांच्या नोंदी घेतल्या. क्लिनोमीटरने प्रत्येकाची दिशा, अंतर, फटीची रुंदी, आत काय भरलंय ते. भिंतीच्या माथ्यावर, काठापासून सुमारे ६ मीटर आत, एक लांब सांधा उघडा मिळाला. त्यात उंबराची मुळं गेली होती. मुळं जातात तिथे पाणी आधीच गेलेलं असतं.

गेरूचा नमुना हवा होता आणि कोअरमध्ये तो नव्हता. नकाशा सांगत होता की थराची दिशा उत्तर-दक्षिण, म्हणजे दक्षिणेकडच्या ओढ्याच्या कापात तो साधारण याच पातळीला दिसायला हवा. तो मुलगा डम्पी (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन गेला आणि झुडपं बाजूला करताच त्याला लाल पट्टा मिळाला, हातभर जाडीचा, २१-२२ मीटरच्या दरम्यान. कागदावर काढलेला पृष्ठभाग प्रत्यक्ष जमिनीत सापडतो, तेव्हा विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो तो परीक्षेतल्या गुणांनी येत नाही. तिथून त्याने एक ढेकूळ बादलीतल्या पाण्यात टाकलं. चहा पिऊन होईपर्यंत त्याचा चिखल झाला होता. पट्ट्याच्या काही पृष्ठांवर गुळगुळीत चकाकी होती, म्हणजे थर वाकताना किंवा नंतर कधीतरी तिथे घसरण झालेली होती.

भिजवलेल्या नमुन्याच्या डायरेक्ट शिअर चाचणीत (यात नमुना आडवा सरकवून घर्षण मोजतात) घर्षणकोन, म्हणजे ज्या उतारापलीकडे वरचं वजन आपोआप घसरतं तो कोन, कमाल २४ अंश आला. बरंच सरकवल्यावर तो १६ वर स्थिरावला. आता हिशेब करता येणार होता : ६ मीटर रुंद, ९ मीटर उंच तुकडा, घनमीटरला २६ किलोन्यूटन, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे १४०० किलोन्यूटन वजन, ११ अंशांच्या उतारावर. सांधा कोरडा आणि घर्षण १६ अंश धरलं तर सुरक्षा गुणांक, म्हणजे अडवणारं बळ भागिले घसरवणारं बळ, १.४७. तो १ च्या खाली गेला की तुकडा सुटतो. एप्रिलमध्ये भिंत ठणठणीत उभी का, त्याचं उत्तर तिथेच मिळालं. मागच्या सांध्यात निम्म्या उंचीपर्यंत, साडेचार मीटर, पाणी धरलं की तोच गुणांक ०.९६. पूर्ण भरला तर ०.४५. वजन तेच, उतार तोच. पाणी मागून ढकलतं आणि खालून उचलतं, दोन्ही एकदम. ठाण्याच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. निम्मा सांधा भरणं ही दूरची शक्यता नव्हती.

इथे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. साइटकडून प्रश्न आला की चाचणीत २४ अंश मिळाले असताना १६ का धरायचे? २४ धरले तर निम्म्या पाण्यातही गुणांक १.४९ येतो आणि काहीच करावं लागत नाही. माझं मत असं की ज्या पृष्ठावर आधीच घसरणीची चकाकी आहे, तिथे कमाल घर्षण केव्हाच खर्च झालेलं असतं. उरलेलंच आपलं. १९६३ मध्ये इटलीतल्या वायोंत धरणाच्या जलाशयात डोंगराची एक अखंड बाजू घसरून आली, लाट धरणावरून उसळली आणि सुमारे दोन हजार माणसं गेली. धरण मात्र उभंच राहिलं. त्या डोंगरातल्या चुनखडीत नंतर मातीचे पातळ थर सापडले. डोंगराच्या आकारापुढे ते नगण्य वाटावेत असेच होते.

त्या मुलाचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. भारतीय मानक १३३६५ च्या तिसऱ्या भागात उतारांसाठी एसएमआर पद्धत दिली आहे, मुळात ती १९८५ मध्ये स्पेनच्या रोमाना यांनी मांडलेली. तिच्यात आरएमआरच्या ६९ मधून सांध्याच्या दिशेचे गुण वजा करायचे. आमची भिंत आणि गेरू अगदी समांतर, गेरू भिंतीपेक्षा खूपच कमी उतरता, म्हणजे सर्वांत प्रतिकूल स्थिती, उणे ६०. पण नती २० अंशांपेक्षा कमी असेल तर तो आकडा ०.१५ ने गुणायचा. उरतात उणे ९. ब्रेकरने कापल्याचे अधिक-उणे काही नाही. एसएमआर ६०, वर्ग तिसरा, ‘मध्यम’. ‘‘मॅडम, पद्धत चुकतेय का?’’

पद्धत एक गृहीत धरून चालते, की वीस अंशांपेक्षा मंद उतारावर दगडावर दगड सहसा घसरत नाही. स्वच्छ, खडबडीत सांध्यासाठी ते बरोबरच आहे. भिजल्या मातीच्या सांध्याला ते लागू नाही. शिवाय ६९ या आकड्यात सांध्यांच्या स्थितीचे २५ गुण बेसॉल्टच्या सांध्यांना दिलेले होते. घसरण जिथून होणार त्या गेरूला, ५ मिलिमीटरपेक्षा जाड मऊ भरावाला, त्या तक्त्यात शून्य आहे. ते शून्य धरलं की आरएमआर ४४, एसएमआर ३५, वर्ग चौथा, ‘वाईट’. एकाच भिंतीचे दोन निकाल, आणि फरक एवढाच की आपण कोणत्या पृष्ठाला गुण देतो आहोत हे आधी ठरवलं की नाही. वर्गवारीच्या या पद्धती मला प्रिय आहेत. त्या विद्यार्थ्याला भिंतीसमोर उभं करून एकेक गोष्ट बघायला लावतात. पण अशा एखाद्या प्रमुख पृष्ठावर सगळं अवलंबून असेल तिथे शक्तींचा सरळ हिशेबच मांडावा, हे मी त्याला आग्रहाने सांगितलं.

उपायांपैकी भिंत मागे घेऊन उतार मंद करणं शक्य नव्हतं, वरची जागा भूखंडाबाहेरची होती. राहिले ड्रेन (पाणी बाहेर काढणारी भोकं) आणि रॉक बोल्ट (खडकात भोक पाडून सिमेंटच्या ग्राउटने बसवलेल्या सळया). ड्रेन नीट चालले आणि सांध्यातल्या पाण्याची उंची दीड मीटरच्या खाली राहिली तर गुणांक १.३७. तळघराचे स्लॅब पडेपर्यंतच्या तात्पुरत्या कामाला १.३ पुरेसा मानला, तर बोल्टशिवायही भागतं. खर्चाकडे बघणाऱ्यांना हे वाक्य फार आवडलं. पण ड्रेन गेरूच्या चिखलाने तुंबले आणि पाणी निम्म्यावर गेलं, तर १.३ साठी भिंतीच्या मीटरमागे सुमारे ९४ किलोन्यूटनचा आधार लागतो. तुंबलेल्या ड्रेनचाच हिशेब धरायचा, असं मी सुचवलं आणि शेवटी ते मान्य झालं. दीड मीटर अंतरावर दोन ओळींत बोल्ट, म्हणजे प्रत्येकावर सत्तर किलोन्यूटनच्या आसपास, २५ मिलिमीटरच्या सळईला सहज पेलणारा भार. लांबी १२ मीटर, दहा अंश खाली झुकवलेले, म्हणजे ते मागचा सांधा आणि गेरू दोन्ही ओलांडून खालच्या थरात रुततात.

ड्रेनच्या कोनात मात्र गफलत होता होता टळली, आणि ती त्या मुलाने पकडली. असे ड्रेन नेहमीच्या सवयीने पाच अंश चढे मारतात. पण गेरू आत जाताना ११ अंशांनी चढतो. गेरूच्या अर्धा मीटर वरून पाच अंशांत मारलेलं भोक पाचेक मीटर आत गेलं की गेरूत शिरतं आणि त्यानंतर जिथे पाणी साचतं त्याच्या खालून जातं. म्हणून १२ अंश चढ ठेवला, म्हणजे ड्रेन गेरूच्या पाठीवरून त्याला जवळजवळ समांतर गेला. पाइपांना जाळीचं कापड गुंडाळलं.

क्रम हा सगळ्यात कळीचा मुद्दा होता. बोल्ट ७ मीटरच्या पातळीवर उभं राहून आणि ड्रेन त्याखाली, गेरूच्या जेमतेम वर थांबून, दोन्ही गेरू अजून झाकलेला असताना बसवायचे आणि ग्राउट पक्कं झाल्यावरच पुढे खोदायचं. ते पुढचं खोदकामही सलग नाही. चार-चार मीटरचे टप्पे, एक आड एक, उघडा पडलेला गेरू त्याच दिवशी शॉटक्रीटने (फवारलेल्या काँक्रीटने) झाकायचा आणि त्यात पाणी निघायला भोकं ठेवायची. भोकांशिवाय शॉटक्रीट म्हणजे पाण्याला घातलेला बांध. यामुळे काम लांबलं आणि साइटवर नाराजी झाली. माथ्यावरच्या उघड्या सांध्यात वरून सिमेंट-मातीचं लिंपण केलं, पलीकडून चर काढून डोंगराचं पाणी ओढ्याकडे वळवलं. या भिंतीसाठी केलेल्या सगळ्या कामांत तो चर सर्वांत स्वस्त होता. कललेल्या खांबांमधले काही सुटे दगड पुढे उलथण्याच्या बेतात होते. ते काढून टाकले आणि काहींना छोटे बोल्ट दिले.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ड्रेनमधून लाल पाणी आलं, दोन-तीन दिवसांनी ते निवळलं. सांध्यात बसवलेल्या पिझोमीटरमध्ये (पाण्याची उंची दाखवणाऱ्या उपकरणात) पाणी बहुतेक काळ दीड मीटरच्या खाली राहिलं. जुलैतल्या एका सलग पावसात ते दोन मीटरपर्यंत चढलं आणि पाऊस थांबल्यावर उतरलं. त्याच वेळी दोन ड्रेन कोरडे पडल्याचं लक्षात आलं. ते तुंबले होते, पाण्याचा जोराचा फवारा मारून मोकळे करावे लागले. भिंतीच्या माथ्यावरच्या खुणांमधलं अंतर काही मिलिमीटरच बदललं आणि ऑगस्टपासून स्थिर राहिलं.

त्या मुलाच्या प्रबंधात शेवटी दोन रकान्यांची शिफारस आहे. बोअर लॉगमध्ये खोलीच्या शेजारी पातळीचा रकाना असावा आणि परत येणाऱ्या पाण्याचा रंग ड्रिलिंग करणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या सहीसह लिहिलेला असावा. तोंडी परीक्षेत त्याला विचारलं गेलं की तीन बोअरवरून काढलेला पृष्ठभाग सपाटच आहे हे कशावरून? त्याने ओढ्यातला चौथा बिंदू दाखवला. मग एक तिरपं बोअर पूर्वेच्या डोंगरात का घेतलं नाही, असा पुढचा प्रश्न आला. तो रास्त होता. शेजारच्या भूखंडाची खोदाई निघणार आहे, तिथल्या तपासणीच्या प्रस्तावात त्याने आता पूर्वेकडे ६० अंशांत एक बोअर आणि त्यासाठी मऊ थरही शाबूत वर आणणारं ट्रिपल ट्यूब बॅरल घातलं आहे.